मदत हवी आहे : जुन्या सी-१० पिकअपच्या हौद्याला कव्हर बसवावं का?

गाडी १९७२ ची शेवरोले सी-१०, फ्लीटसाइड (बाहेरून सपाट बाजूंचा), साडेसहा फुटी हौदा. तळाला लाकडी फळ्या, मधल्या फटींवर स्टीलच्या पट्ट्या. फळ्या उन्हापावसापासून वाचाव्यात म्हणून कव्हर हवंय, पण नेमकी तिथेच शंका आहे. कुठलंही कव्हर शंभर टक्के पाणी अडवत नाही. पुढचे कोपरे आणि टेलगेटची (मागच्या झडपेची) फट यांतून थोडं शिरतंच. उघड्या हौद्यात ते वाऱ्याने सुकतं; झाकल्यावर पट्टीखाली, बोल्टभोवती मुरत राहतं. आधी बोल्टजवळ फळी काळी पडते, मग पट्टीला खालून गंज धरतो.

बटणांचं व्हिनाइल कव्हर नको वाटतं, कारण काठावर भोकं पाडावी लागतात आणि प्रत्येक भोक म्हणजे गंजाला आमंत्रण. फायबरचं झाकण दिसतं देखणं, पण जड. झाकण उचलून धरणाऱ्या गॅस स्ट्रटचा (दांड्याचा) जोर बाजूच्या पातळ पत्र्यावर येतो. शिवाय हौदा काटकोनात लागतो. आमच्या दोन कर्णांत ८ मिमीचा फरक आहे. राहिलं क्लॅम्पवालं (काठाला चिमट्यांनी धरणाऱ्या रेलवरचं), गुंडाळायचं व्हिनाइल.

विचारायचं असं :
क्लॅम्पच्या जबड्याला रबराची पट्टी लावली तर रंग टिकतो का, की धूळ अडकून घासतोच?
८ मिमीचा फरक रेलखाली शिम (पातळ पट्टी) घालून झाकावा, की हौद्याचे बोल्ट सैल करून आधी चौकटच सरळ करावी?
हवा खेळायला टेलगेटकडे किती फट ठेवता?

फळ्यांना तेल आहे, वॉर्निश नाही. त्याने उत्तर बदलत असेल तर तेही सांगा.