मदत हवी आहे: ठोके वाढले की हृदय भरतं कधी?

नमस्कार मंडळी, भाचीला बायोलॉजी शिकवतेय आणि हृदयाच्या ठोक्यापाशी आम्ही दोघी अडकलोय, कुणी डॉक्टर किंवा फिजिओलॉजीवाले असतील तर प्लीज सांगा.

मिनिटाला 75 ठोके धरले तर एक ठोका 0.8 सेकंदाचा, त्यात जवनिका (हृदयाचा खालचा कप्पा) साधारण 0.3 सेकंद आकुंचन पावते आणि उरलेले 0.5 सेकंद सैल पडून भरते, इथपर्यंत ठीक. त्यातही 70-80 टक्के रक्त कर्णिका (वरचा कप्पा) आकुंचन पावायच्या आधीच आपोआप खाली उतरतं, कर्णिका शेवटी फक्त उरलेलं ढकलते, हे मला फारच भारी वाटलं. डाव्या जवनिकेत साधारण 120 मिली जमतं, 70 बाहेर जातं, 50 आतच राहतं.

आता प्रश्न. धावताना ठोके 150 वर गेले की अख्खा ठोकाच 0.4 सेकंदाचा, आणि त्यात आकुंचनापेक्षा भरायचा वेळच जास्त कापला जातो. मग इतक्यात जवनिका भरते कशी आणि दर ठोक्याला बाहेर जाणारं रक्त कमी न होता उलट वाढतं कसं? पायाचे स्नायू शिरा दाबून रक्त वर ढकलतात म्हणून, की जवनिका सैलच पटकन पडते म्हणून, की दोन्ही?

अजून एक, ग्राफमध्ये आकुंचन सुरू झालं की दाबाची रेघ सरळ वर चढते पण व्हॉल्यूमची रेघ काही क्षण आडवीच, कारण जवनिकेच्या आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशा दोन्ही झडपा बंद आणि महाधमनीतला 80 mmHg च्या आसपासचा दाब ओलांडेपर्यंत रक्त बाहेर पडत नाही. हे तिला ग्राफशिवाय कसं समजवू? चांगलं अ‍ॅनिमेशन असेल तर लिंक टाका ना.