सुट्टीत मुलांना वाचायला काय द्यायचं?

बी-२०४ : नमस्कार सोसायटीतल्या मंडळी. परीक्षा आटपल्या, आता शाळा जूनच्या मध्यावर. मुलगी पाचवीत जाईल, मुलगा सातवीत, दोघंही इंग्रजी माध्यमात. सुट्टीत मराठी काय वाचायला द्यावं? दुकानात इयत्तेप्रमाणे संच मिळाला, पण मुलाने दोन पानं वाचून तो ठेवून दिलाय. बाई, तुम्ही सांगा ना.

ए-१०२ (बाई) : इयत्ता बघून मराठी पुस्तक घेऊ नका. तुमच्या मुलाची समज सातवीचीच आहे, पण वाचताना जोडाक्षर आलं की तो अडतो. 'आश्चर्य', 'स्वच्छ', 'दुष्काळग्रस्त' असे शब्द एका ओळीत दोन-तीन आले की गोष्टीचा धागाच सुटतो. मग आपण दुसरीचं पुस्तक हातात देतो आणि पोराला अपमान वाटतो. वाटणारच! त्याला गोष्ट त्याच्या वयाचीच हवी, फक्त वाक्यं आटोपशीर आणि संवाद भरपूर हवेत.

म्हणून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. फुरसुंगीचा हा पोरगा पुण्यात शिकायला येतो आणि जिथे जातो तिथे काहीतरी भानगड सापडतेच. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आल्यावर पुस्तक त्याच्या हातात द्या.

पुस्तक झेपेल का हे बघायचं असेल तर मधलंच एखादं पान वाचायला सांगा. अडलेल्या शब्दागणिक एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली, तर ते पुस्तक सध्या आपण वाचून दाखवायचं.

सी-३०१ : बाई, 'श्यामची आई' राहिलं. साने गुरुजी आपल्या दापोलीजवळच्या पालगडचे. कोकणातल्या मुलांनी ते वाचलंच पाहिजे.

ए-१०२ (बाई) : वाचावंच, दादा. पण अख्खं पुस्तक पुढ्यात ठेवून 'संपव' म्हणू नये. गुरुजींनी ते रात्रींमध्ये सांगितलंय, एकूण ४२ रात्री. तसंच घ्यावं, जेवणं झाली की एक रात्र, घरातल्या मोठ्या माणसाने वाचलेली. क्रमानेच जायला हवं असंही नाही. श्याम पोहायला घाबरून लपून बसतो आणि आई त्याला मारून विहिरीवर धाडते, तिथून सुरुवात करा. आपली पोरं सुट्टीत आजोळच्या विहिरीत उड्या मारतात, त्यांना ही भीती लगेच कळते. आईने मारलं ते बरोबर की चूक यावर ती भांडतील, त्यांना भांडू द्या.

बी-१०३ : आमची धाकटी दुसरीत गेली. नुसती चित्रं बघते आणि पानं उलटते.

ए-१०२ (बाई) : अगं, बघू दे की. चित्रात कोण काय करतंय ते तिला सांगायला लाव, तेही वाचनच आहे. माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' तिच्यासाठी छान. शिवाय विंदांच्या बालकविता आण. विंदा आपल्या देवगड तालुक्यातले, धालवलीचे. आणि मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. कवितेत ओळ छोटी आणि यमक असतं, त्यामुळे पुढचा शब्द मूल अंदाजानेच ओळखतं आणि वाचायची हिंमत येते. पाचवीतल्या मुलीलाही हे चालेल. तिला पुरंदरेंनीच संपादित केलेलं 'वाचू आनंदे' देऊन बघा. त्यात मोठमोठ्या लेखकांचे छोटे छोटे उतारे आहेत, कुठूनही उघडावं.

ए-२०१ : सगळी विकत घ्यायची म्हटली तर महिन्याचं बजेट कोलमडेल हो.

ए-१०२ (बाई) : विकत कशाला? रत्नागिरीत १८२८ पासूनचं नगर वाचनालय आहे आपलं. मुलांना सोबत न्या आणि त्यांनाच कपाटापुढे उभं करा. एक पुस्तक तुमच्या आवडीचं, दोन त्यांच्या. ती भुताखेतांची आणली तरी तोंड वाकडं करू नका. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक मोबाईलवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरही मराठी गोष्टी फुकट आहेत, सोप्यापासून अवघडापर्यंत चार पातळ्यांत लावलेल्या.

आणि हात जोडून सांगते, पुस्तक झालं की सारांश लिहायला लावू नका. तात्पर्यही विचारू नका. 'त्यातलं कोण आवडलं?' एवढं विचारा आणि पोर काय सांगतं ते ऐका.

बी-२०४ : बाई, मुलाला हे बोटांचं सांगितलं. स्वतःच संच काढून बसलाय, दुसऱ्याच पानावर पाचही मिटली म्हणे.

ए-१०२ (बाई) : मग तो संच राहू दे. माझ्याकडे फास्टर फेणेचे काही भाग आहेत, संध्याकाळी त्यालाच पाठव, हवा तो निवडेल. बाकीच्यांनीही घरातली पुस्तकं रविवारी खाली जिन्याजवळ आणा, अदलाबदल करू. पहिल्या पानावर फ्लॅट नंबर पेन्सिलीने लिहा. आणि मृगाच्या आत परत करा बरं का, पावसात पुस्तकांना बुरशी धरते.