मून नाइटला 'बरं' करायची गरज आहे का?

रातकिडा

मार्व्हलच्या मून नाइटचं नाव काढलं की समोरचा हमखास विचारतो, "तोच ना, वेडा सुपरहिरो?" मला या प्रश्नाचा राग येतो, म्हणून हा धागा काढतोय. (कॉमिक्स आणि २०२२ची टीव्ही मालिका, दोन्हींतली रहस्यं पुढे फुटणार आहेत. पाहायचं राहिलं असेल तर इथेच थांबा.)

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्क स्पेक्टर हा शिकागोच्या एका रब्बीचा, म्हणजे ज्यू धर्मगुरूचा मुलगा, पुढे भाडोत्री सैनिक झालेला. बुशमन नावाचा त्याचा म्होरक्या त्याला वाळवंटात मरायला सोडून जातो. खोन्शू या इजिप्तच्या चंद्रदेवाच्या मूर्तीपुढे त्याच्यात पुन्हा जीव येतो आणि पांढरा वेश चढवून तो देवाच्या वतीने रात्री मारामाऱ्या करत फिरतो. त्याच शरीरात आणखी दोघे राहतात. स्टीव्हन ग्रँट हा कोट्यधीश, जेक लॉकली हा टॅक्सीवाला.

माझं म्हणणं असं की मून नाइटच्या सर्वांत चांगल्या गोष्टी त्याच, ज्यांत या तिघांना घोटून एक केलेलं नाही. स्टीव्हन आणि जेक हे मार्कचे शत्रू नव्हेत. शत्रू असलाच तर खोन्शू आहे. एका दुखावलेल्या मुलाची जखम त्याला सापडली आणि तो तिथेच मुक्कामाला आला.

लेखक जेफ लेमिर आणि चित्रकार ग्रेग स्मॉलवुड यांचे २०१६पासूनचे १४ अंक बघा. मार्क मनोरुग्णालयात जागा होतो. पांढरं फडकं तोंडावर ओढलं की त्याला तिथले कर्मचारी प्राण्यांच्या तोंडाचे दिसू लागतात, फडकं काढलं की साधी माणसं. पुढे प्रत्येक व्यक्तिमत्त्वासाठी चित्रकारच बदलतो. स्टीव्हनची पानं विल्फ्रेडो टोरेसची, जेकची फ्रान्सेस्को फ्रँकाव्हिलाची, आणि चंद्रावर लांडगेमाणसांशी लढणाऱ्या अंतराळवीर मार्कची जेम्स स्टोकोची. पान उलटलं की रेषेचा स्वभाव पालटतो, रंग पालटतात. 'आता मी वेगळा माणूस आहे' असा एकही संवाद लागत नाही. शेवटी मार्क खोन्शूला झिडकारतो तेव्हा स्टीव्हन आणि जेक त्याच्याबरोबर असतात. आपण बरे झालो असा दावा तो करत नाही.

शाईचा डाग

लेमिरबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याबद्दल अजिबात नाही.

तुम्ही एका चांगल्या लेखकाच्या १४ अंकांवरून पन्नास वर्षांच्या पात्राला प्रमाणपत्र देताय. डग मेंच आणि डॉन पर्लिन यांनी १९७५मध्ये 'वेअरवुल्फ बाय नाइट'च्या ३२व्या अंकात मून नाइट आणला तो लांडगामाणूस पकडायला नेमलेला भाडोत्री म्हणून. चांदीची हत्यारं त्यासाठीच. स्टीव्हन आणि जेक ही सोंगं होती: कोट्यधीश पैसा पुरवणार, टॅक्सीवाला रस्त्यावरच्या बातम्या काढणार. सोय म्हणून घेतलेल्या वेशांना आजार नंतरच्या लेखकांनी चिकटवला, कारण 'हा बॅटमॅनची नक्कल आहे' हा शिक्का पुसायला काहीतरी वेगळं हवं होतं.

आणि आजार तरी कुठला? २०११मध्ये लेखक बेंडिसने स्टीव्हन-जेकला बाजूला सारलं आणि मार्कच्या डोक्यात स्पायडरमॅन, वुल्व्हरिन आणि कॅप्टन अमेरिका बोलायला बसवले. २०१४मध्ये वॉरन एलिसच्या पहिल्याच अंकात डॉक्टर सांगते की तुला अनेक व्यक्तिमत्त्वांचा विकार नाहीच, एका प्राचीन शक्तीने तुझ्या मेंदूत ठाण मांडलंय. २०१६मध्ये लेमिर सांगतो की हे लहानपणापासून आहे. लेखक बदलला की निदान बदलतं. खऱ्या रुग्णाच्या वाट्याला हे आलं असतं तर आपण त्याला छळ म्हटलं असतं, इथे मात्र 'नवा दृष्टिकोन' म्हणून टाळ्या वाजवतो.

रातकिडा

सोंगं होती हे खरं, पण नुसती सोंगं कधीच नव्हती. १९८०ची कॉमिक मालिका काढून बघा, मेंच आणि चित्रकार बिल सिएनकेविचची. त्याची प्रेयसी मार्लीन, तिचं प्रेम स्टीव्हनवर आहे. मार्क हे नाव तिला नको असतं, कारण त्या नावाला रक्ताचा वास आहे. तिच्यासमोर तो स्टीव्हन म्हणून वागतो आणि त्या वागण्यात रमतो. सोयीसाठी घेतलेल्या नावाने कोणी प्रेमात पडतं का? माणसाने आपल्याच भूतकाळापासून पळून दुसऱ्या नावात घर केलं, हे बीज तिथेच पडलेलं आहे. लेमिरने ते उगवू दिलं.

मनमोकळी

मी समुपदेशन क्षेत्रात काम करते, कॉमिक्स नवऱ्यामुळे वाचायला लागले. विकाराबद्दल थोडं लिहिते, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही.

अमेरिकेतल्या निदानपुस्तिकेत, डीएसएममध्ये, १९८०ला 'मल्टिपल पर्सनॅलिटी' असं नाव आलं. १९९४ला ते बदलून 'डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर' झालं, आजचं डीआयडी. स्किझोफ्रेनिया पूर्णपणे वेगळा, कृपया दोन्हींची खिचडी करू नका. बहुतेक रुग्णांच्या बालपणी सततचा अत्याचार सापडतो. याउलट सूचना, संमोहन आणि सिनेमा-पुस्तकांमुळे हे चित्र घडतं असं मानणारेही संशोधक आहेत आणि तो वाद मिटलेला नाही. उपचार मुख्यतः बोलण्याचे, वर्षानुवर्षे चालणारे. सगळी व्यक्तिमत्त्वं एक झालीच पाहिजेत असा हट्टही आता धरत नाहीत. ती एकमेकांना ओळखू लागली, दिवसाचं काम वाटून घेऊ लागली, तरी अनेकांचं आयुष्य मार्गी लागतं. म्हणून 'तिघांना एक करू नका' या रातकिडा यांच्या मुद्द्याला उपचारांतही आधार आहे.

आता टीव्ही मालिकेबद्दल. ऑस्कर आयझॅकने साकारलेला स्टीव्हन लंडनमध्ये संग्रहालयाच्या दुकानात काम करतो. झोपताना पाय पलंगाला बांधतो, पलंगाभोवती वाळू पसरतो, दाराला चिकटपट्टी लावतो, रात्री आपण कुठे जातो ते कळावं म्हणून. त्याच्या गोल्डफिशला एकच पर आहे. एके दिवशी उठतो तर माशाला दोन पर! कोणीतरी मासा बदललाय. शुक्रवारी भेटायचं ठरलेल्या मुलीची तो हॉटेलात वाट बघत बसतो आणि फोनवर ती सांगते की आज रविवार आहे. काळाचे तुकडे हरवणं म्हणजे काय, हे मी वर्गात तासभर बोलूनही इतकं नीट सांगू शकणार नाही.

आणि पाचवा भाग. गुहेत बुडून मेलेला धाकटा भाऊ, मुलाला त्याचा दोष देणारी आई, दरवाजावर थापा मारणारी आई, आणि खोलीत एकटा मार्क, ज्याच्यातून त्या क्षणी आवडत्या सिनेमातला स्टीव्हन ग्रँट जन्माला येतो. स्टीव्हनला आई प्रेमळ आठवते, कारण त्याने फक्त तेवढीच आई बघावी म्हणून मार्कने मार स्वतःकडे ठेवला. हे लिहिणाऱ्याला विषय समजलाय.

तळटीप

मनमोकळी, पाचव्या भागावर तुमच्याशी भांडण नाही. पण सहाव्याचं काय? श्रेयनामावली चालू असताना जेक येतो, स्पॅनिश बोलत, आणि गाडीत बसवलेल्या हॅरोला, मालिकेतल्या खलनायकाला, गोळी घालतो. त्याआधी संपूर्ण मालिकेत जेक दिसतो तो केवळ 'मध्येच शुद्ध हरपली आणि भोवती प्रेतं पडली' अशा खुणांतून. म्हणजे एक भित्रा, एक दुःखी आणि एक खुनी. पन्नास वर्षं हाच साचा चालत आलाय: अनेक व्यक्तिमत्त्वं म्हटली की त्यांतलं एक खून पाडणारं असायलाच हवं.

मनमोकळी

इथे पूर्ण सहमत आणि हे मनापासून खटकलं. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत नोंद आहे की बाह्यरुग्णांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांनी कधी ना कधी आत्महत्येचा प्रयत्न केलेला असतो. धोका बहुतेक वेळा स्वतःलाच असतो. पडद्यावर मात्र तो नेहमी शेजाऱ्याला दाखवतात, आणि मग ज्याला हा त्रास आहे तो घरातही तोंड उघडत नाही.

शाईचा डाग

मी सुरुवातीपासून हेच म्हणतोय. आणि हे एकट्या मून नाइटचं दुखणं नाही. सिएनकेविचनेच १९८५मध्ये लेखक क्लेअरमाँटबरोबर लीजन हे पात्र उभं केलं, ज्याच्या प्रत्येक व्यक्तिमत्त्वाकडे वेगळी शक्ती आहे. मार्व्हलची स्पर्धक असलेल्या डीसीच्या 'डूम पेट्रोल' कॉमिकमधली क्रेझी जेन, ६४ व्यक्तिमत्त्वं, तिथेही तेच. आघातातून जणू बक्षीस मिळतं! हल्क घ्या. १९८५मध्ये बिल मँट्लोने बापाचा अत्याचार दाखवला, इथवर उत्तम. १९९१मध्ये पीटर डेव्हिडच्या ३७७व्या अंकात मानसोपचारतज्ज्ञ डॉक सॅमसन संमोहन करतो आणि बॅनर (हल्कचं माणूसरूप), राखाडी हल्क, हिरवा हल्क एकाच अंकात जोडले जातात. एका अंकात!

रातकिडा

हल्कचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. १९९१ला एक होणं हाच इलाज समजला गेला. २०१८ला अल युइंगच्या 'इमॉर्टल हल्क'मध्ये तीच व्यक्तिमत्त्वं एकमेकांसाठी उभी राहतात. कॉमिक्स शिकतायत, सावकाश का होईना. आणि लीजन किंवा जेनशी तुलना केली तर मून नाइटचं वेगळेपण लगेच दिसतं. स्टीव्हनकडे जादू नाही, जेककडेही नाही. एकाकडे माणुसकी आहे, एकाला गल्लीबोळ ठाऊक आहेत. शक्ती देतो तो खोन्शू, आणि ती व्याजासकट वसूल करतो.

अनुस्वार

थोडं अवांतर. खोन्शू मार्कच्या शरीराचा ताबा घेतो ते वाचताना मला गावाकडचं अंगात येणं आठवतं. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत डीआयडीच्या व्याख्येतच 'काही संस्कृतींत झपाटल्याचा अनुभव' असा उल्लेख आहे. म्हणजे देव आणि व्यक्तिमत्त्व यांतली सीमा डॉक्टरांनाही पुसट वाटते. मग कॉमिक्सवाल्यांनी ती पुसट ठेवली तर बिघडलं कुठे?

मनमोकळी

अर्धंच सांगितलंत. जत्रेत, ठरल्या वेळी, सगळ्यांच्या मान्यतेने अंगात येणं हा विकार नव्हे, तेही त्याच पानांवर आहे. नकोसं असेल, त्रास देत असेल, जगणं अडवत असेल तरच निदान.

शाईचा डाग

पण बिघडतं, आणि मोठं बिघडतं. खोन्शू खरा निघाला की मार्कला ऐकू येणारं सगळं खरं ठरतं. मग डॉक्टर एकतर मूर्ख ठरतात, नाहीतर हॅरोसारखे खलनायक. मालिकेतलं मनोरुग्णालय आठवा: हसतमुख डॉक्टर म्हणजेच शत्रू. ज्याला खरंच आवाज ऐकू येतात त्याने यातून काय घ्यायचं? औषध देणाऱ्यावर विश्वास ठेवू नकोस, एवढंच.

तळटीप

यावर लेखक जेड मॅकायचं उत्तर वाचलंत का? २०२१पासूनची कॉमिक मालिका. तिची सुरुवातच समुपदेशकाच्या खोलीत होते. डॉ. अँड्रिया स्टर्मन समोर बसलेली, मार्क मुखवटा घालून सोफ्यावर. खोन्शू त्या जगात खराच आहे, तरी ती त्याला बोलायला लावते. देव खरा असला म्हणून झालेली जखम खोटी ठरत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तो चिडतो, उडवाउडवी करतो आणि पुन्हा येतो. पुढे स्टीव्हन आणि जेकही बोलू लागतात. अख्ख्या मार्व्हलमध्ये मानसोपचार इतक्या आदराने आलेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

आणि जेकबद्दल एक राहिलं. लेखक मॅक्स बेमिसच्या २०१७-१८च्या अंकांत उघड होतं की मार्कच्या नकळत जेकचं मार्लीनशी नातं चालू होतं आणि त्यांना डायट्रिस नावाची मुलगी आहे. तिच्यासाठी जेक म्हणजे बाबा. टीव्ही मालिकावाल्यांच्या हाताशी हे चार वर्षं आधी छापलेलं होतं. लहान मुलीचा बाप असलेला टॅक्सीवाला समोर असताना त्यांनी पिस्तूलवाला निवडला.

शाईचा डाग

मॅकायचे सुरुवातीचे अंक वाचले आहेत आणि स्टर्मनची पानं चांगलीच आहेत. तरीही त्याच अंकांत पान उलटलं की मार्क कोणाचे तरी दात पाडत असतो आणि ती पानं जास्त असतात. उपचारांची खोली दोन पानांची, मारामारी बारा पानांची. हे प्रमाण उलटं करायची हिंमत कोणी केली तर मी पहिला विकत घेईन. तोवर माझं मत तेच.

रातकिडा

बारा पानांच्या मारामारीशिवाय ती दोन पानं पंधरा वर्षांच्या मुलापर्यंत पोचलीच नसती, असं मला वाटतं. डायट्रिसचे अंक मात्र तुम्ही वाचाच. जेकला तिच्याबरोबर बघा आणि मग सांगा, यातल्या कोणाला पुसून टाकून मार्कला 'बरं' करायचं.