मोरचुदाच्या द्रावणात खिळा ठेवूनही निळा रंग का जात नाही?

प्रश्न

मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. विस्थापन अभिक्रिया (एका धातूने दुसऱ्या धातूला त्याच्या क्षारातून बाहेर काढणे) दाखवण्यासाठी १०० मिलिलीटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम मोरचूद (निळे कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) विरघळवून त्यात एक लोखंडी खिळा अर्धा तास बुडवून ठेवला. खिळ्यावर तांबूस थर चढला, परंतु द्रावण अपेक्षेप्रमाणे फिकट हिरवे न होता निळेच राहिले. तरीही बहुतेक विद्यार्थ्यांनी वहीत ‘द्रावण हिरवे झाले’ असे लिहिले आणि ते मला फार खटकले. दुसरी अडचण अशी की, मोरचुदाचे खडे परीक्षानळीत तापवले असता पांढऱ्या पुडीऐवजी तळाशी काळपट पदार्थ मिळाला आणि त्यावर पाणी टाकल्यावर त्या काळ्या भागाचा रंग बदलला नाही. दोन्ही ठिकाणी काय चुकत असावे?

उत्तर १

पहिल्या प्रयोगात अभिक्रिया व्यवस्थित झाली आहे. अडचण प्रमाणाची आहे. १० ग्रॅम मोरचूद म्हणजे साधारण ०.०४ मोल (मोल हे पदार्थातील कणांची संख्या मोजण्याचे एकक), आणि त्यातील सगळे तांबे बाहेर काढण्यासाठी सुमारे २.२ ग्रॅम लोखंड विरघळावे लागते. लहान खिळ्याचे सगळे वजनच जवळपास तेवढे असते, शिवाय अभिक्रिया फक्त त्याच्या पृष्ठभागावर होते आणि वर साचलेले तांबे आतल्या लोखंडाला झाकत जाते. अर्ध्या तासात निळ्या रंगात डोळ्यांना जाणवेल एवढी घट होणे शक्यच नव्हते.

त्याऐवजी १०० मिलिलीटर पाण्यात १ ग्रॅम मोरचूद घ्यावे, त्यातील २० मिलिलीटर द्रावण परीक्षानळीत ओतावे आणि खिळ्याऐवजी लोखंडी तारेचा बारीक कीस टाकून नळी हलवत राहावी. एवढ्या द्रावणातील तांब्यासाठी ०.०५ ग्रॅमपेक्षाही कमी लोखंड पुरते आणि किसाचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे रंग डोळ्यांदेखत उतरतो. मूळ द्रावणाची दुसरी नळी शेजारी ठेवून दोन्हींच्या मागे पांढरा कागद धरावा. मात्र इतक्या विरल द्रावणात तयार झालेल्या फेरस सल्फेटचा (लोखंडाच्या क्षाराचा) हिरवा रंग अतिशय फिका, जवळजवळ न दिसणारा असतो. तेव्हा ‘निळा रंग नाहीसा झाला’ एवढेच विद्यार्थ्यांनी लिहिले, तर तेच खरे निरीक्षण समजावे आणि त्यालाच पूर्ण गुण द्यावेत.

उत्तर २

तापवण्याच्या प्रयोगात आच जास्त झाली आहे. मोरचुदाच्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे पाच रेणू असतात आणि ते एकदम न जाता टप्प्याटप्प्याने जातात. शेवटचा रेणू सुटायला सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमान लागते. त्याच्या बरेच पुढे, ६०० अंशांच्या वर, खुद्द कॉपर सल्फेटचेच विघटन होऊन काळा कॉपर ऑक्साइड उरतो आणि सल्फरचे दाहक ऑक्साइड वायू बाहेर पडतात. ज्योत नळीच्या तळाशी एकाच जागी धरली की तेथे हे तापमान सहज गाठले जाते. कॉपर ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याला तो भाग निळा झालेला दिसला नाही.

खडे कुटून बारीक करावेत, थोडेच घ्यावेत आणि बाष्पनपात्रात मंद आचेवर काचकांडीने हलवत तापवावेत. परीक्षानळीच वापरायची असेल, तर तिचे तोंड किंचित खाली झुकलेले ठेवावे. नाहीतर थंड भागावर जमलेले पाणी तापलेल्या तळाकडे ओघळून काच तडकते. वजनकाटा उपलब्ध असल्यास २.५ ग्रॅम खडे घेऊन पाहावे: पूर्ण पांढरी झालेली पूड सुमारे १.६ ग्रॅम भरते. पूड थंड झाल्यावर तिच्यावर थेंबभर पाणी टाकले की निळा रंग परततोच, शिवाय पात्र हाताला उबदार लागते. ही ऊब प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः अनुभवू द्यावी, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते.

प्रश्नकर्तीचे पुढचे विचारणे

मनःपूर्वक आभार. विरल द्रावणाचा प्रयोग करून पाहिला आणि रंग खरोखर गेला. परंतु किसाऐवजी एका गटाने चकचकीत राखाडी खिळे वापरले होते. त्यांच्याही द्रावणाचा निळा रंग उतरला. ते लोखंडामुळेच झाले, हे कसे ओळखावे?

उत्तर ३

असे खिळे बहुधा जस्ताचा मुलामा दिलेले असतात आणि मग तांब्याला बाहेर काढणारा धातू आधी जस्त असतो, लोखंड नव्हे. खात्री करण्यासाठी द्रावण गाळून त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण थेंबाथेंबाने घालावे. फेरस क्षार असतील तर मळकट हिरवा अवक्षेप (न विरघळणारा साका) येतो आणि हवेत ठेवल्यास तो वरून तपकिरी होतो; जस्ताचा अवक्षेप पांढरा असतो आणि सोडियम हायड्रॉक्साइड जास्त घातल्यास विरघळतो; तांबे शिल्लक असेल तर फिकट निळा अवक्षेप मिळतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीला कोणी हात लावू नये.

आणखी एक विनंती अशी की, उरलेले निळे द्रावण थेट मोरीत ओतू नये, कारण तांब्याचे क्षार जलचरांना घातक असतात. त्यात भरपूर लोखंडी कीस टाकून ते रंग जाईपर्यंत ठेवावे आणि खाली बसलेले तांबे गाळून वेगळे करावे.