आवारातलं झाड काढायची परवानगी : छळ की गरज?

वैतागलेला_सेक्रेटरी :
परवा इथेच एकाने लिहिलं होतं, "झाडाला हात लावणाऱ्याला आधी आत टाका, परवानगी द्यायचीच कशाला, आवारातलं झाड काय तुमच्या बापाचं आहे का." खाली लाइकच्या बदामांचा पाऊस. मी दोन दिवस गप्प बसलो पण राहवत नाही म्हणून लिहितोय, लांब आहे, ज्यांना वाचायचं नाही त्यांनी पुढे जा.

आमच्या सोसायटीत एक रेनट्री आहे. मिलीबग किडीने खाल्लाय, अर्ध्याहून जास्त फांद्या वाळलेल्या, बुंध्याला ढोली, आणि खाली पोरं खेळतात. ते काढायला पालिकेकडे रीतसर अर्ज केला, फोटो जोडले, ठराव जोडला, सातबारा सोडून सगळं जोडलं. पालिकेचे साहेब आले, वर बघितलं, "छाटून घ्या" म्हणाले. छाटणीचा खर्च सोसायटीचा, आणि छाटणारा माणूस त्यांच्याच ओळखीचा, हे वेगळं सांगायला नको. पुन्हा अर्ज केला तर झाडावर नोटीस, पेपरात नोटीस, हरकती मागवणं. हरकत कोणी घेतली? मागच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी, ज्यांना त्या झाडाची सावलीही मिळत नाही.

आणि समजा मिळाली परवानगी, तर महाराष्ट्राच्या शहरी झाडांच्या १९७५ च्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची. झाड पस्तीस वर्षांचं धरलं तर पस्तीस रोपं, तीही सहा ते आठ फूट उंचीची, आणि सात वर्षं सांभाळायची. आमच्याकडे ॲक्टिवा लावायला जागा नाही. शेवटी कमिटीने ठरवलं, यापुढे आवारात शोभेचे अरेका पाम आणि क्रोटन, बाकी काही नाही. मागे एकांनी हौसेने आणलेलं कडुलिंबाचं रोप परत पाठवलं. म्हणजे ज्याने झाड लावलं त्याला शिक्षा आणि ज्याने सगळा प्लॉट काँक्रीट केला तो सुखी. हाच का तुमचा निसर्ग?

निसर्गवेडी :
सेक्रेटरीसाहेब, ती पोस्ट माझी नव्हती पण बदाम मी दिला होता आणि पुन्हा देईन. मिलीबगचं सांगता, पण त्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक कोणी बसवले? सोसायटीनेच ना? मुळांना पाणी नाही, हवा नाही, मग झाड आजारी पडलं की "धोकादायक". दिल्लीत हरित लवादाने २०१३ मध्येच सांगितलं की झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी सोडा, आपल्याकडे इंचभर सोडत नाहीत. आधी मारायचं आणि मग मेलं म्हणून अर्ज करायचा.

परवानगी नसती तर काय झालं असतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या चौकातल्या होर्डिंगसमोरच्या झाडाला कोणीतरी ड्रिलने भोकं पाडून आत काहीतरी ओतलं, पावसाळ्यात सगळीकडे हिरवं आणि हे एकटं वाळकं. हे कायदा असताना! कायदा काढला तर गुंठाभर जागेतही झाड उरणार नाही.

वैतागलेला_सेक्रेटरी :
म्हणजे होर्डिंगवाला भोकं पाडून मोकळा आणि मी अर्ज करून अडकलोय. माझंच म्हणणं सिद्ध केलंत, आभारी आहे. पेव्हर ब्लॉक माझ्या आधीच्या कमिटीने बसवले, पण ते जाऊ दे.

आणि मोठ्यांचं काय हो? ऑक्टोबर २०१९ ला मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका हायकोर्टाने फेटाळल्या त्याच रात्री करवती चालू झाल्या. सुप्रीम कोर्टाची स्थगिती येईपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी. सरकारला दोन-तीन दिवसांत दोन हजार, मला एक वाळकं लाकूड नाही. उलट जुलै २०१७ ला चेंबूरमध्ये रस्त्याने चाललेल्या बाईंवर नारळाचं झाड पडून त्या गेल्या, ते झाड काढू द्या म्हणून लोकांनी आधी अर्ज केला होता, तो नाकारला होता. त्याचं उत्तर द्या.

निसर्गवेडी :
त्याचं उत्तर कायद्यातच आहे. जिवाला धोका असेल तर अधिकारी नोटिशीची वाट न बघता लगेच परवानगी देऊ शकतो. अधिकारी निर्णय घेत नाही हा अधिकाऱ्याचा दोष, कायद्याचा नाही. आणि आरेचं नाव घेऊन माझ्यावर कशाला ओरडता, मी तेव्हा तिथे उभी होते, तुम्ही होतात का?

छप्परफाड_सोलर :
दोघांचं चालू द्या, माझा प्रॉब्लेम वेगळाच आहे. गच्चीवर तीन किलोवॅट सोलर बसवलं, सूर्यघर योजनेचं ७८ हजार अनुदान पण आलं. आता शेजाऱ्यांचा गुलमोहर दुपारी दोननंतर पॅनलवर सावली टाकतो. एका पॅनलवर सावली आली तरी सगळ्या स्ट्रिंगचं (एकत्र जोडलेल्या पॅनलच्या माळेचं) जनरेशन पडतं. शेजारी म्हणतात झाड आधीचं आहे. फांद्या माझ्या हद्दीत येतात, तेवढ्या मी कापू शकतो का?

जुनाट_वकील :
नाही. १९७५ च्या कायद्यात तोडणे म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नाही, जाळणं, कापणं, झाडाला इजा करणं सगळं त्यात आलं. फांदी तुमच्या हद्दीत असो की शेजारच्या, परवानगी घ्या. कैदेची तरतूद आहे, हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

निसर्गवेडी :
झाड कापून सोलर! पर्यावरण वाचवायला झाड कापायचं!! हे वाचायचं राहिलं होतं.

छप्परफाड_सोलर :
ताई तुमच्या घरात एसी आहे का ते आधी सांगा. मी तोडा म्हटलं नाही, छाटा म्हटलं. माझं लाईट बिल येऊन बघा.

तळमजला_ब :
सोलर लावताना झाड दिसलं नव्हतं का साहेब?

छप्परफाड_सोलर :
व्हेंडरने मार्चमध्ये सर्व्हे केला, गुलमोहर तेव्हा नुसत्या काड्या असतो. जूनला पालवी भरली आणि जनरेशन बसलं. व्हेंडर आता फोन उचलत नाही.

तळमजला_ब :
मग प्रत्येक पॅनलला वेगळा मायक्रो इन्व्हर्टर बसवा, सावलीतलं पॅनल तेवढंच मार खाईल, बाकीचे चालतील. झाड कशाला?

छप्परफाड_सोलर :
पैसे तुम्ही देता?

गावरान_पाटील :
रेनट्री दक्षिण अमेरिकेतलं, गुलमोहर मादागास्करचा. दोन्ही परदेशी. दोन्ही पाडा आणि वड-पिंपळ लावा, एवढी चर्चा कशाला?

तळमजला_ब :
मिरची पण तिकडचीच आहे पाटील, आधी ठेचा बंद करा. आणि सोसायटीत वड लावून दाखवा, ड्रेनेज लाईन कुठे जाते ते बघा मग.

माडाखालचा :
आम्ही गोंयचे, आमची गोष्ट ऐका. २०१६ साली सरकारने कायदा बदलून माडाला झाडांतूनच काढून टाकलं, म्हणजे तोडायला परवानगी नको. एवढी बोंब झाली की २०१७ ला परत आत घेतला, वर राज्यवृक्ष पण केला. तेव्हा नियम सैल करा म्हणताना जरा जपून, सैल केल्यावर आधी कोण कुऱ्हाड घेऊन येतो ते आम्ही बघितलंय. तो अर्ज करणारा म्हातारा नसतो.

कोकणी_फणस :
शहरवाल्यांनो, तुम्ही एका झाडासाठी रडताय. आमच्या स्वतःच्या बागेतला, आजोबांनी लावलेला फणस तोडायचा तर १९६४ चा वेगळा कायदा, आंबा, फणस, चिंच, जांभूळ सगळं यादीत. घरावर कललेला फणस आहे, वनखात्याकडे हेलपाटे घालतोय. पावसाळा येऊन ठेपला की आई ओटीवर झोपते, आतल्या खोलीत झोपायची भीती वाटते तिला.

वैतागलेला_सेक्रेटरी :
हे बघा! निसर्गवेडी ताई, या आईंना काय सांगाल? पेव्हर ब्लॉक?

निसर्गवेडी :
टोमणे पुरेत. घरावर कललेलं झाड आठवड्यात निकाली काढलं पाहिजे, यात कोणाचं दुमत आहे? आणि वाळलेल्या झाडामागे पस्तीस रोपं मागणं जरा अतीच आहे, तेवढं मान्य. मेलेल्याला एक-दोन पुरे. पण जिवंत झाडाला एकही कमी नको, आणि पन्नास वर्षांच्या वर असलेल्या हेरिटेज झाडाला तर हातच नको.

वैतागलेला_सेक्रेटरी :
उपकार झाले. हेच लेखी द्या, अर्जाला जोडतो, बाकी सगळं जोडून झालंय.

निसर्गवेडी :
देते. आधी बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढल्याचा फोटो टाका.

वैतागलेला_सेक्रेटरी :
वाळक्या झाडाचे ब्लॉक काढून काय करू, आरती?

निसर्गवेडी :
अर्धं वाळलंय म्हणालात ना वर. की आता पूर्ण वाळलं?

छप्परफाड_सोलर :
माझ्या गुलमोहराचं कोणी सांगेल का? छाटणीचा अर्ज मी करायचा की शेजाऱ्याने?

जुनाट_वकील :
झाड ज्याच्या आवारात, अर्ज त्याचा. त्याला मनवा.

छप्परफाड_सोलर :
तो बोलत नाही माझ्याशी. पार्किंगवरून.