प्रतिसाद: वायने गुणायच्या आधी त्याचं चिन्ह बघा

वर ज्या दादांनी विचारलंय की 'एक्स हा वायपेक्षा मोठा आहे का' या माहिती पुरेशी आहे का ते ठरवायच्या प्रश्नात (दिलेल्या विधानावरून ठाम हो किंवा ठाम नाही निघालं तरच ते पुरेसं) दोनपैकी दुसरं विधान 'एक्स भागिले वाय हे १ पेक्षा जास्त' असताना तेवढं एकटं पुरेसं का धरत नाहीत, तर दादा तुम्ही दोन्हीकडं वायने गुणायलेत ना, तिथंच चुकायलं. वाय ऋण असला की 'पेक्षा जास्त'चं 'पेक्षा कमी' होतं, आणि वाय ऋण का धन हे कुठं सांगितलंय? एक्स ३ आणि वाय २ घ्या, उत्तर हो. एक्स उणे ३ आणि वाय उणे २ घ्या, भागाकार तोच १.५ पण उत्तर नाही. संपलं, अपुरं.

आता पहिलं विधान, एक्सचा वर्ग वायच्या वर्गापेक्षा मोठा. या दोन्ही जोड्या त्यातपण बसतात, म्हणून दोन्ही विधानं एकत्र घेऊनसुद्धा उत्तर निघत नाही.

इथं लातूरला अभ्यासिकेत आम्ही बँकेच्या परीक्षेची तयारी करतो तवा लई पोरं फक्त धन पूर्णांक टाकून बघतात अन् फसतात, मीपण वर्षभर तेच केलं. शून्य, ऋण, अर्धा, उणे अर्धा हे टाकून बघितल्याशिवाय पुरेसं म्हणूच नका.

पण हेच दुसरं विधान 'एक्स अधिक वाय शून्यापेक्षा जास्त' असतं तर मजा बघा, वर्गांच्या फरकाचे अवयव पाडले की (एक्स उणे वाय) गुणिले (एक्स अधिक वाय) धन, त्यातला दुसरा कंस धन म्हणजे पहिलापण धनच, मग दोन्ही मिळून पुरेसं. एकेकटं मात्र तरीबी नाही.