गुदाशयाचा कर्करोग: शस्त्रक्रिया पोट उघडून, दुर्बिणीने की रोबोटने? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. माझ्या वडिलांना (वय ६६) गुदाशयाचा कर्करोग असून गाठ गुदद्वारापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर आहे. रेडिएशन आणि त्यासोबतच्या केमोच्या गोळ्या संपून सहा आठवडे झाले. नव्या एमआरआयमध्ये गाठ आकसली आहे, पण पूर्ण गेलेली नाही, त्यामुळे शस्त्रक्रिया न करता नुसती देखरेख ठेवण्याचा पर्याय आमच्यापुढे नाही.

आम्ही तीन सर्जनांची मते घेतली. ठाण्यातले डॉक्टर दुर्बिणीने करू म्हणतात, नवी मुंबईतले रोबोटने आणि परळचे पोट उघडून. काढायचे काय, याबद्दल मात्र तिघांचे एकमत आहे: गुदाशय आणि त्याभोवतीचे चरबीचे आवरण, कुठेही न फाटता, अखंड. ही पद्धत ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडली, आणि तिच्यामुळे त्याच जागी पुन्हा गाठ येण्याचे प्रमाण खूप घटले.

मी जे वाचले त्यावरून यंत्रांतला फरक मला वाटला होता तेवढा मोठा दिसत नाही. 'कलर २' या युरोपीय चाचणीत तीन वर्षांनी त्याच भागात रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीत आणि उघड्या शस्त्रक्रियेत सारखेच, ५ टक्के होते. २०१७ च्या 'रोलार' चाचणीत ठरलेली पद्धत मध्येच सोडून पोट उघडावे लागण्याची वेळ रोबोटच्या गटात ८.१ टक्के रुग्णांवर आली आणि दुर्बिणीच्या गटात १२.२ टक्क्यांवर, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. त्यामुळे रोबोटसाठी बराच जास्त खर्च करण्यापेक्षा, त्या सर्जनांनी इतक्या खालच्या गाठी वर्षाला किती काढल्या आहेत, हे विचारणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुरुषांचे कटिर (ओटीपोटाभोवतीचा हाडांचा सापळा) अरुंद असते, तिथे अनुभवी हाताचाच कस लागतो.

घरात खरा पेच वेगळाच आहे. आतडे खाली जोडले, तर काही महिने शौचासाठी पोटावर तात्पुरती पिशवी लागेल (न जोडल्यास ती कायमची), आणि ती बंद केल्यावरही दिवसातून अनेकदा शौचास जावे लागणे, घाई होणे, क्वचित ताबा सुटणे हा त्रास राहू शकतो. आईला कायमची पिशवी नको आहे. बाबा रोज पहाटे मासुंदा तलावाला फेऱ्या मारतात, आणि ते म्हणतात, "पिशवीची सवय होईल रे, पण संडास जवळ नाही म्हणून घरातच बसून राहणे मला जमणार नाही." तिन्ही डॉक्टरांनी पद्धतीबद्दल सविस्तर सांगितले, पण या प्रश्नावर कुणीच दोन-तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलले नाही.

येत्या गुरुवारी निर्णय कळवायचा आहे. ज्यांच्या घरी इतक्या खालच्या गाठीची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी कृपया पद्धत कोणती होती यासोबत वर्षभरानंतरचा रुग्णाचा साधा दिवस कसा जातो तेही लिहावे: शौचाच्या खेपा, जेवणातली पथ्ये, लोकलचा प्रवास, लघवीच्या तक्रारी. कायमची पिशवी असलेल्यांचे अनुभव तर बाबांना मी स्वतः वाचून दाखवणार आहे.